दीपकाडीची तारीख, देवाचे गोठणे आणि एक्झिफटूल

२०२२ च्या मे महिन्यात पुण्याहून एका संशोधक मुलीचा फोन आला. कोकणातल्या कातळसड्यांवरची फुलं दरवर्षी नेमकी कधी उमलायला लागतात, त्याच्या नोंदी ती जमवत होती. "बाई, तुमच्या यादीत २०२१ ची पहिली दीपकाडी १२ जूनला आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोवर ११ जून दिसतंय. काय धरू?" मी म्हटलं, अगं, यादी फोटोंवरूनच केली आहे, दोन्ही एकच असणार. तिने दोन चित्रं पाठवली. फोटो एकच. एका प्रोग्रॅममध्ये ११ जून, संध्याकाळचे सहा बेचाळीस. दुसऱ्यात १२ जून, रात्रीचे बारा वाजून बारा मिनिटं. मध्यरात्री पावसात मी सड्यावर काय करत होते, हे मलाही कळेना.

भाच्याला फोन लावला. तो संगणकातला आहे, आणि माझ्या घरातल्या सगळ्या यंत्रांचं पाप त्याच्या माथी असतं. त्याने फोटो मागवून घेतला, पाच मिनिटांनी म्हणाला, "मावशी, तुझ्या फोटोत तारीख एक नाहीच. किती आहेत ते तुला बघवायचं नाही." आणि एक्झिफटूल नावाच्या गोष्टीची लिंक पाठवली. त्यालाही आता काही वर्षं झाली. या काळात माझ्या ३८ हजार फोटोंवरून हे अवजार फिरवलं आहे, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

आधी माझा संसार सांगते, म्हणजे भांडण कळेल. रत्नागिरीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, सडे हिंडायची खोड गेली नाही. २०१२ सालचा एक कॅमेरा, नंतर घेतलेला दुसरा, आणि फोन. फोटो उजळायला एक विकतचा प्रोग्रॅम. भाच्याने लिनक्स घालून दिलेल्या जुन्या डेस्कटॉपवर एक फुकटचा अल्बम-प्रोग्रॅम. शिवाय घाईत असले की सरळ विंडोजच्या फोल्डरमध्येच फोटोवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये नाव टाकायची सवय. म्हणजे एका फोटोवर तीन जण लिहिणार, आणि तिघांची आपापसांत ओळख नाही.

एक्झिफटूल म्हणजे फिल हार्वे या कॅनेडियन गृहस्थांनी २००३ पासून लिहीत आणलेला प्रोग्रॅम. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर तारीख, जागा, नावं अशी जी माहिती दडलेली असते, ती तो वाचतो आणि बदलतो. पर्ल भाषेत आहे, फुकट आहे, आणि अजून नव्या आवृत्त्या निघतात. त्याला खिडकी, बटणं, चित्रं काही नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. हे ऐकूनच मी गार पडले होते. पण विंडोजसाठीच्या फाइलमध्ये एक गंमत आहे. तिच्या नावातच कंसात 'उणे के' लिहिलेलं असतं. नाव न बदलता त्या चिन्हावर फोटो ओढून सोडला, की काळी खिडकी उघडते, फोटोत लिहिलेलं दाखवते आणि तुम्ही कळ दाबेपर्यंत थांबते. त्या कंसात आणखी हुकूम लिहिता येतात. भाच्याने माझ्या डेस्कटॉपवरच्या फाइलच्या कंसात 'उणे ए, उणे जी एक, उणे एस, उणे के' असं लिहून दिलं. अर्थ असा : तीच गोष्ट दोनदा लिहिली असेल तर दोन्ही दाखव, कोणाच्या वहीत लिहिली आहे ते दाखव (फोटोतली माहिती वेगवेगळ्या गटांत लिहिलेली असते, त्यांना मी वह्या म्हणते, त्यांचं पुढे सांगते), खान्याचं खरं नाव दाखव, आणि थांब. पहिले सहा महिने मी एवढंच वापरलं. टाइप काही केलं नाही. तुम्हालाही इथूनच सुरुवात करा असं सांगेन. फक्त फाइलशेजारी आलेलं फोल्डर तिच्यापासून वेगळं करू नका, नाहीतर ती चालत नाही.

दीपकाडीचा फोटो सोडला. दोनशेच्या वर ओळी सरसर खाली गेल्या. तारखांचीच पलटण होती. एक्झिफच्या वहीत : २०२१, ०६, ११, मग १८:४२:१०. एक्सएमपीच्या वहीत : १२ तारीख, ००:१२:१०, पुढे अधिक ०५:३०. मग बदल केल्याची तारीख, फाइल कॉपी झाल्याची तारीख, कशाकशाची तारीख. अठरा बेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवा, बारा वाजून बारा मिनिटं होतात. माझ्या कॅमेऱ्यातलं घड्याळ ग्रीनिचवर लावलं आहे असं कुठल्या तरी प्रोग्रॅमने गृहीत धरलं आणि मला न विचारता भारतीय वेळ काढून दिली. त्या प्रोग्रॅमचा सगळाच दोष म्हणता येणार नाही. एक्झिफमध्ये तारीख-वेळ असते, पण ती कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नव्हती. ती जागा २०१६ साली, २.३१ आवृत्तीत आली. माझा कॅमेरा २०१२ चा. तो गप्प, आणि गप्प माणसाच्या वतीने दुसरा कोणीतरी बोलला.

सकाळचे फोटो दुपारचे झाले त्याचं मला काही नाही. पण संध्याकाळी साडेसहानंतर काढलेला प्रत्येक फोटो उठून दुसऱ्या दिवशी जाऊन बसला होता. आणि जूनमध्ये पाऊस उघडतो तेव्हा माझं निम्मं काम संध्याकाळीच होतं. पहिल्या बहराच्या नोंदीत एक दिवस इकडेतिकडे म्हणजे अख्खी नोंदच गेली.

ही वहीची भानगड का आहे, ते मी सातबाऱ्यावरून समजून घेतलं. जमीन एक. सातबाऱ्यावर एक नाव, घरपट्टीवर दुसरं, लाइटबिल वारलेल्या आजोबांच्या नावाने. तिन्ही कागद सरकारी, तिन्ही खरे. फोटोचंही तसंच. एक्झिफ ही कॅमेरा बनवणाऱ्यांची वही, १९९५ साली जपानात सुरू झालेली. आयपीटीसी ही वृत्तसंस्थांची, बातमीच्या फोटोला ओळ, गाव, छायाचित्रकाराचं नाव जोडण्यासाठी. आणि एक्सएमपी ही अडोबीने २००१ मध्ये काढलेली, जिच्यात कोणीही आपलं नवं पान जोडू शकतो. फोटोची ओळ तिन्हींत लिहिता येते. एका प्रोग्रॅमने एकीत बदल केला आणि दुसरीला हात लावला नाही, की पुढचा प्रोग्रॅम कुठली आधी उघडतो यावर सगळं आलं.

यावर मोठ्या कंपन्यांनी बसून विचार केला नाही असं नाही. अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया वगैरे मंडळींच्या कार्यगटाने २०१० मध्ये नियमावलीची दुसरी आवृत्ती काढली. तिच्यातला एक उपाय मला फार आवडला. नियम पाळणारा प्रोग्रॅम आयपीटीसीची वही लिहून झाली की त्या मजकुराचा एक आकडेमोडीचा ठसा काढून फोटोत ठेवतो. पुढच्याने वही उघडली, पुन्हा ठसा काढला आणि जुळला, तर समजायचं की मधे कोणी हात लावलेला नाही, एक्सएमपीवर विश्वास ठेवा. नाही जुळला, तर नियम न जाणणारा कोणीतरी येऊन लिहून गेला आहे, म्हणजे आयपीटीसीतलं नवं. परीक्षेच्या पेपरांच्या लाखेच्या सीलसारखंच. एक्झिफटूलमध्ये हे नियम 'एमडब्ल्यूजी' (मेटाडेटा वर्किंग ग्रुप, म्हणजे तोच कार्यगट) नावाने बांधलेले आहेत. तेवढं नाव हुकमात घातलं, की वाचताना तो हा क्रम पाळतो, आणि लिहिताना जिथे जिथे लिहायला हवं तिथे एका दमात लिहितो. बाकीच्यांनी पाळलं असतं तर मला हा रिव्ह्यू लिहायची वेळ आली नसती.

आता मराठीचं दुखणं. याबद्दल कुठे फारसं सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

माझ्याकडे झाडांची नावं मराठीत असतात. शास्त्रीय नाव असतंच, पण गावातली आजी ज्या नावाने झाड दाखवते ते नाव मला अधिक मोलाचं. २०१९ च्या काही फोटोंवर मी 'दीपकाडी' लिहिलं होतं. एके दिवशी दुसऱ्या यंत्रावर उघडलं तर तिथे भलतंच. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, पुढे चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं एक गोल चिन्ह, पुन्हा तोच ए. दोन ठिकाणी चक्क जपानी येनचं चिन्ह. मी नीट मोजलं. दीपकाडीत दोन दीर्घ ईकार आहेत, आणि येन बरोबर त्या दोन जागी. म्हणजे व्हायरस वगैरे काही नव्हता. अक्षरं सगळी शाबूत होती, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचत होता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइटचं होतं. ते तीन तुकडे तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून वाचले की हे कडबोळं तयार होतं. आयपीटीसीच्या वहीच्या सुरुवातीला 'हा मजकूर यूटीएफ-८ आहे' अशी एक छोटी खूण ठेवायची सोय आहे. माझ्या फोटोंत लिहिणाऱ्याने ती ठेवलेलीच नव्हती. एक्झिफटूलला 'हा यूटीएफ-८ समजून वाच आणि खूण लाव' सांगितलं, आणि दीपकाडी परत आली. त्या दिवशी मी शेजारच्या काकूंनाही बोलावून दाखवलं. त्यांनी "बरं" म्हटलं.

दुसरं जास्त वाईट, कारण ते परत येत नाही. आयपीटीसीत प्रत्येक खान्याची लांबी ठरलेली आहे. शोधशब्दाला ६४ बाइट. गावाला ३२ बाइट. इंग्रजीत ३२ अक्षरं म्हणजे ऐसपैस. मराठीत ती जेमतेम दहा चिन्हं, मात्रा धरून. 'देवाचे गोठणे' घ्या. राजापूर तालुक्यातलं गाव, वर सड्यावर कातळशिल्प, आणि पावसात भोवती फुलंच फुलं. मात्रांसकट अकरा चिन्हं, म्हणजे ३३, आणि मधली मोकळी जागा एक. ३४ बाइट. दोन जास्त. माझ्या चाळीसेक फोटोंवर गावाचं नाव 'देवाचे गोठण' आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह असं होऊन बसलं होतं. शेवटची मात्रा तीन तुकड्यांची, त्यातला एक तुकडा आत राहिला, दोन बाहेर. 'छत्रपती संभाजीनगर' लिहिणाऱ्यांनी तर आशाच सोडावी, ते ४९ होतं.

एक्झिफटूल अशा वेळी गुपचूप कापत नाही, कापल्याची वॉर्निंग देतं. या एका वागण्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क दिले. मोठ्या, देखण्या, विकतच्या प्रोग्रॅमांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

याच्यावर मी काढलेला तोडगा तुम्हाला पटेलच असं नाही. माझ्या संग्रहापुरती मी आयपीटीसीची वही फाडून टाकली. आधी ठसे तपासले. जिथे जुळत नव्हते तिथलं नवं लिखाण एक्सएमपीत उतरवून घेतलं. मग आयपीटीसी पूर्ण काढली. एक्सएमपीत लांबीची ही अडचण नाही आणि अक्षरं युनिकोडमध्येच असतात. कार्यगटाची नियमावलीही म्हणते, की आयपीटीसी फोटोत आधीपासून नसेल तर उगाच निर्माण करू नका. वृत्तपत्राला फोटो द्यायचा असेल आणि त्यांची व्यवस्था जुनी असेल, तर त्या एका प्रतीत इंग्रजीत लिहून देते. तुम्ही बातमीच्या धंद्यात असाल तर हे करू नका. तुमचं पोट त्या वहीवर आहे.

मग भुताची गोष्ट. कवळ्याची एक जात मी दोन वर्षं चुकीची ओळखली होती. चूक कळल्यावर अठ्ठावीस फोटोंवरून जुनं नाव काढलं, नवं घातलं. आठवड्याने अल्बम उघडला तर जुनं नाव हजर, नव्याच्या शेजारी, मांडी घालून. पुन्हा काढलं. पुन्हा आलं. मला वाटलं वयाचा परिणाम, मीच काढायला विसरते आहे. एक्झिफटूलमध्ये खान्याच्या नावात चांदणीचं चिन्ह (*) घालून विचारता येतं, म्हणजे ज्याच्या नावात 'कीवर्ड' किंवा 'सब्जेक्ट' आहे ते सगळं दाखव. एका फोटोत तेच नाव पाच जागी निघालं. आयपीटीसीत, एक्सएमपीच्या साध्या यादीत, कूळ-जात अशा उतरंडीच्या यादीत, एका प्रोग्रॅमच्या खासगी पानावर, आणि विंडोजने स्वतःसाठी ठेवलेल्या एका खान्यात. मी ज्या प्रोग्रॅममधून नाव काढत होते तो त्यातल्या दोनच जागा पुसत होता. दुसरा आधी आपलं खासगी पान वाचत होता आणि इमानदारीने जुनं नाव परत आणत होता.

तेव्हापासून घरात नियम केला : शोधशब्द लिहिण्याचा अधिकार एकाच प्रोग्रॅमला. बाकीच्यांनी बघावं, फोटो उजळावा, पण नावाला हात लावायचा नाही. माझ्याकडे हा मान डिजिकॅम या फुकटच्या अल्बम-प्रोग्रॅमला आहे, कारण कुठल्या खान्यातून आधी वाचायचं आणि कुठल्या खान्यांत लिहायचं ही यादी त्यात स्वतः लावता येते. नको त्या खान्यांवरची खूण मी काढून टाकली. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये टाइप करायची सवय सुटायला एक पावसाळा लागला.

चांदण्यांचं, म्हणजे रेटिंगचं, थोडक्यात सांगते. ओळख पक्की झालेल्या फोटोला मी पाच चांदण्या देते. एक्सएमपी ते 'पाच' असं लिहितं. मायक्रोसॉफ्टच्या खान्यात टक्के असतात : १, २५, ५०, ७५ आणि ९९. शंभर नाही, नव्व्याण्णव. विद्यापीठात पेपर तपासणाऱ्यांची आठवण झाली. दोन्ही खाने आहेत आणि एकच बदलला, तर पक्की ओळख आणि कच्ची ओळख एकाच फोटोवर दिसते. रंगीत लेबलांचंही तेच, तिथे रंग नाही, रंगाचं नाव शब्दात साठवतात. एका प्रोग्रॅमला 'रेड' कळतं, दुसऱ्याने त्याच लाल रंगाला 'सिलेक्ट' हे नाव दिलेलं असतं. मी लेबलं वापरणं सोडून दिलं.

रॉ फाइलींमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेल्या कच्च्या फोटोंमध्ये, सहसा कोणी आत लिहीत नाही, शेजारी एक्सएमपीची छोटी फाइल ठेवतात. बरोबर आहे, पण तिच्या नावावरही एकमत नाही. लाइटरूम हा फोटो उजळायचा विकतचा प्रोग्रॅम मूळ फाइलचं आडनाव (नावातल्या टिंबानंतरची अक्षरं) काढून त्याजागी एक्सएमपी लावतो. डार्कटेबल हा त्याच कामाचा फुकटचा प्रोग्रॅम मूळचं आडनाव ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतो. त्यामुळे एका फोटोच्या शेजारी दोन चिठ्ठ्या, आणि एकीत लिहिलेलं दुसरीला ठाऊक नाही. डिजिकॅममध्ये कुठली पद्धत पाळायची ते निवडता येतं, ती खूण पहिल्या दिवशीच करा. दुसरं असं, की लाइटरूम क्लासिक तुम्ही लिहिलेलं स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. फाइलमध्ये आपोआप लिहिण्याची सोय मुळात बंद असते. ती चालू करा, नाहीतर दुसरीकडे नेण्याआधी फोटो निवडून कंट्रोल आणि एस दाबा. फोटोवर उद्गारचिन्ह आलं आणि 'डिस्कवरून घेऊ की वर लिहू' असं विचारलं, तर चहा ठेवून या, मग उत्तर द्या. घाईत दाबलेलं बटण मागे घेताना फार त्रास होतो.

आता एक गोष्ट, जिची मला आजही लाज वाटते. कंदीलपुष्पाच्या काही जाती आपल्याकडे फार थोड्या जागी उरल्या आहेत, आणि कंद खाणारे, उपटून नेणारे आहेत. त्यामुळे असा फोटो बाहेर देताना मी जीपीएस काढूनच देते. एका प्रोग्रॅममध्ये 'स्थान काढा' असं बटण होतं, ते दाबून तीन फोटो मी एका मोठ्या ग्रुपवर दिले, आणि दर्जा उतरू नये म्हणून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून दिले. साधा फोटो म्हणून दिले असते तर व्हॉट्सॲपने सगळंच पुसलं असतं, इतर वेळी त्याच्या नावाने मी बोटं मोडते. महिन्याने सहज त्यातला एक फोटो एक्झिफटूलवर सोडला. एक्झिफमधून अक्षांश-रेखांश गेलेले. एक्सएमपीत जसेच्या तसे. बटणाने एक वही कोरी केली आणि दुसरीला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा करून त्या सड्यावर गेले. आठपैकी आठ वेली होत्या. तरी परत येईपर्यंत जिवात जीव नव्हता. आता बाहेर जाणारा प्रत्येक फोटो आधी त्या चिन्हावर सोडते, आणि यादीत 'जीपीएस' शब्द कुठेही दिसला तर दोन्ही वह्यांतून काढते.

एक्झिफटूलबद्दल तक्रारी आहेतच. मूळ फाइल तो पुसत नाही, नावामागे 'ओरिजिनल' जोडून शेजारी ठेवतो. सुरुवातीला हे वरदान आहे, दोनदा माझी लाज त्याने राखली. पण ४० जीबीच्या फोल्डरवर एका रात्री हुकूम चालवला आणि सकाळी फोल्डर ८० जीबीचं, डिस्क भरली. थांबवायचा हुकूम आहे, पण तो मी अजूनही आधी दहा फोटोंवर चालवून बघितल्याशिवाय देत नाही. मराठी अक्षरं थेट काळ्या खिडकीत टाइप केली तर विंडोजवर प्रश्नचिन्हांची रांग लागते. उपाय असा, की हुकूम नोटपॅडमध्ये लिहायचा, यूटीएफ-८ म्हणून साठवायचा आणि एक्झिफटूलला ती फाइल वाचायला सांगायची. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तीन रविवार वाचले असते. वेगाबद्दल लोक कुरकुरतात, त्यात तथ्य आहे, पण चूक बहुधा आपली असते. दर फोटोला वेगळी हाक मारली तर दर वेळी तो उठून, आळस देऊन कामाला लागतो. अख्खं फोल्डर एकदम द्या.

आणि माहितीपुस्तिका! सगळं लिहिलेलं आहे, एक शब्द चुकीचा नाही, आणि आपल्याला हवं ते वाक्य नेमकं तिसऱ्या पानाच्या तळाशी. फ्लोरा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचे जाडजूड ग्रंथ, वाचायची सवय असलेल्यांना जड जाणार नाही.

एक सोय मात्र अशी आहे, की तिच्यासाठी हे सगळं सोसावं. फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंच्या तारखा, गावं, नावं तो सीएसव्ही तक्त्यात काढून देतो. लिब्रेऑफिसमध्ये उघडायचा, उघडताना यूटीएफ-८ निवडायचं, आणि एक्झिफची तारीख एका रकान्यात, एक्सएमपीची दुसऱ्यात ठेवून कुठे जुळत नाही ते बघायचं. माझे १,१४६ फोटो निघाले. कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ खरी धरून एक्सएमपीत उतरवायला हुकूम एका ओळीचा होता. संगणक चालला तेवढ्यात माझी आमटी झाली. आमटी करण्याआधी तीन दिवस मात्र तो तक्ता डोळ्यांनी तपासला, कारण यंत्राला हे कळत नाही, की २०१४ मध्ये माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी बसली होती आणि घड्याळ काही दिवस भलतंच दाखवत होतं. ते माझ्या डायरीत होतं.

तर कोणी घ्यावं? फोनमधले फोटो फोनमध्येच ठेवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, सुखात आहात. ज्यांचे फोटो दोन किंवा अधिक प्रोग्रॅमांतून फिरतात, ज्यांना तारीख आणि गाव यांची किंमत आहे, लग्नाचे फोटो काढणारे असोत, मंदिरांचे असोत की घराण्याचे जुने फोटो स्कॅन करणारे, त्यांनी निदान ते चिन्ह डेस्कटॉपवर ठेवावं आणि आठवड्याला एक फोटो त्यावर सोडावा. किंमत शून्य. वेळेची किंमत माझ्या हिशोबाने एक उन्हाळा. पाचपैकी साडेचार चांदण्या, मायक्रोसॉफ्टच्या भाषेत काय होतात ते तुम्ही काढा.

संशोधक मुलीला ११ जून कळवलं. यादीतले आणखी एकोणीस दिवस सुधारून पाठवले. २०१४ मधल्या त्या बॅटरीच्या आठवड्याचे ६३ फोटो अजून बाजूला आहेत. त्यातल्या एकात माझी एक विद्यार्थिनी हातात वर्तमानपत्र घेऊन उभी आहे, डोक्यावर पाऊस नको म्हणून. मथळा वाचता येतो, तारीख घडीत गेली आहे. जिल्हा ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात असं कळलं आहे, सोमवारी जाऊन बघते.